रोजच्या बागकामासाठी हाताला बसणारा सिकेटर कसा निवडायचा

सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची एका हाताने चालणारी स्प्रिंगची कात्री, घ्यायला दुकानात गेलं की दुकानदार सगळ्यात आधी पात्याचं कौतुक सुरू करतो, जपानी स्टील आहे, जाडी बघा, अंगठ्याएवढी फांदी एका दाबात तुटेल वगैरे वगैरे. पण रोज सकाळी थोडा वेळ जास्वंद, मोगरा, तुळस, कढीपत्ता यांच्यामागे घालवणाऱ्या माणसाला अंगठ्याएवढी फांदी वर्षातून कितीदा तोडायची असते सांगा? आपण रोज कापतो ती सुकलेली फुलं, पिवळ्या काड्या, पेन्सिलीएवढे शेंडे. यात पात्यावर फारसा जोर येतच नाही, जोर येतो तो आपल्या हातावर, कारण तीच मूठ पुन्हापुन्हा उघडायची आणि मिटायची असते. म्हणून माझं अगदी ठाम मत आहे, सिकेटर आधी हाताच्या मापाने बघायचा आणि पातं त्यानंतर. खाली सगळं क्रमाने सांगते, घाई करू नका, एकदा नीट घेतलेला सिकेटर वर्षानुवर्षं चालतो.

आधी आपण नेमकं काय कापतो ते बघा

खरेदीच्या आधी एक आठवडा फक्त लक्ष ठेवा. बॉक्स ग्रिलमध्ये मनीप्लांट, तुळस, मोगरा, पुदिना एवढंच असेल तर तुम्हाला मोठा सिकेटर लागतच नाही, निमुळत्या पात्यांची छोटी कात्री मिळते तिने मंजिऱ्या आणि कोवळे शेंडे जास्त सफाईने निघतात आणि हातही दुखत नाही. गच्चीवर किंवा तळमजल्याच्या पुढे जास्वंद, गुलाब, बोगनवेल, लिंबू, तगर, कण्हेर असेल तर मात्र खरा सिकेटर हवा.

आता जाडी. पाकिटावर लिहिलेलं असतं २० मिलीमीटर, २५ मिलीमीटर, ते जास्तीत जास्त माप असतं, तेही हिरव्या फांदीचं. रोज आरामात कापायचं असेल तर त्याच्या निम्मं धरून चाला, म्हणजे २० वाल्याने १० मिलीमीटरपर्यंतचं लाकूड हाताला न जाणवता कापलं जाईल. अंदाजाला सोपी गोष्ट सांगते, आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलीमीटर रुंद आहे, फांदी त्या रुंदीच्या जवळ जात असेल तर हातातला सिकेटर खाली ठेवा आणि छोटी करवत किंवा लांब दांड्याचा लॉपर घ्या. आणि सोसायटीतल्या आंब्याची, बदामाची किंवा सोनचाफ्याची मोठी फांदी असेल तर तो विषय अवजाराचा नाहीच, १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे राज्याचा, त्याच्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वॉर्ड ऑफिसातल्या उद्यान खात्यात सेक्रेटरींमार्फत अर्ज करा, स्वतः चढू नका.

मग हाताचं माप

ही पायरी सगळे गाळतात आणि पुढे बोटं दुखतात ती इथूनच.

सिकेटरचं लॉक काढा, पूर्ण उघडू द्या, आणि ज्या हाताने काम करता त्या हातात धरा. वरची मूठ तळहाताला, अंगठ्याच्या फुगीर भागाला टेकलेली असते. आता खालच्या मुठीवर चारही बोटं पोचतायत का बघा. नुसती टोकं टेकून चालत नाही, बोटाचं शेवटचं पेर मुठीवरून वळून आत आलं पाहिजे, कारण टोकांनी दाबलं की सगळा ताण मनगटाच्या बाजूच्या शिरांवर जातो. बायकांच्या आणि लहान हाताच्या पुरुषांच्या बाबतीत बाजारातले निम्मे सिकेटर इथेच बाद होतात, करंगळी हवेत राहते आणि तीन बोटांवर काम चालतं.

आकड्यात हवं असेल तर तेही आहे. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी नायॉश नावाची सरकारी संस्था आहे, त्यांनी २००४ मध्ये हाताच्या अवजारांची एक मार्गदर्शक पुस्तिका काढली होती. त्यात जोर लावायच्या दोन मुठींच्या अवजारांसाठी सांगितलंय की पूर्ण उघडल्यावर पकडीचं, म्हणजे दोन मुठींमधलं अंतर साधारण ९ सेंटीमीटरच्या वर नको आणि मिटल्यावर ५ सेंटीमीटरच्या खाली नको. मूठ लांबीला कमीत कमी १० सेंटीमीटर हवी, १२ ते १५ असेल तर उत्तम. घरातली शिवणाची टेप पर्समध्ये टाकून न्या आणि दुकानातच मोजा, यात लाजायचं काय.

लांबीचा मुद्दा नीट समजून घ्या कारण तो पटकन दिसत नाही. मूठ आखूड असली की तिचं टोक बरोब्बर तळहाताच्या मध्यावर येतं आणि प्रत्येक दाबाला तिथे रुततं, तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्यांवर भार पडतो, अर्ध्या तासाने बोटांना मुंग्या येतात. टोक तळहाताच्या कडेच्या थोडं बाहेर राहिलं पाहिजे. तसंच बोटांसाठी खाचा पाडलेल्या मुठी दिसायला छान वाटतात पण त्या खाचा ज्याच्या हातावर बेतल्या त्यालाच बसतात, आपली बोटं खाचेच्या उंचवट्यावर आली तर तिथेच फोड येतो. सरळ, हलका बाक असलेली गुळगुळीत मूठ बरी.

आणि एक चांगली सोय असते, काही मॉडेलमध्ये लॉक दोन टप्प्यांचं असतं, एका टप्प्यावर सिकेटर अर्धाच उघडतो. बारीक काड्या कापताना पूर्ण उघडझाप करावी लागत नाही, मेहनत खूपच वाचते. असा मिळाला तर सोडू नका.

डावखुऱ्यांनी इथे थांबा

साधा सिकेटर उजव्या हाताचा असतो. डाव्या हातात धरला तर लॉकचा खटका अंगठ्याखाली येत नाही, कापायची रेघ पात्यामागे झाकली जाते आणि ठुंठ राहतं. डाव्या हाताचे वेगळे सिकेटर येतात, फेल्कोचा ९ नंबर हा त्यातला माहितीतला. देशी कंपन्यांमध्ये शोधावा लागेल, पण घरातलं कोणी डावखुरं असेल तर त्या माणसासाठी वेगळाच घ्या, एकात दोघांचं भागवू नका.

बायपास की अ‍ॅन्व्हिल

बायपासमध्ये दोन पाती कात्रीसारखी एकमेकांना घासून पुढे जातात, एक धारेचं आणि दुसरं आकड्यासारखं वळलेलं, फांदी पकडून ठेवणारं. अ‍ॅन्व्हिलमध्ये एकच पातं असतं आणि ते समोरच्या सपाट पट्टीवर येऊन आदळतं. अ‍ॅन्व्हिलला जोर कमी लागतो हे खरंय, पण हिरवी फांदी चेपली जाते, साल चिरडते. आपल्याकडच्या दमट हवेत चिरडलेली साल म्हणजे बुरशीला आमंत्रण, गुलाबाची काडी वरून काळी पडत खाली येते ना तो डायबॅक अशाच जखमेतून बऱ्याचदा सुरू होतो. त्यामुळे जिवंत झाडाला बायपास, वाळकं लाकूड तोडायला अ‍ॅन्व्हिल. दोन्ही घ्यायची गरज नाही, घरच्या बागेला एक चांगला बायपास पुरतो.

रॅचेटवाला प्रकार पण येतो, त्यात एक फांदी तीन-चार छोट्या दाबांत कापली जाते, दर दाबानंतर पातं जिथल्या तिथे अडकून राहतं. संधिवात असेल, पकडीत जोर राहिला नसेल, तर जाड काडीला हा खरंच वरदान आहे. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी गुडघे आणि बोटं दोन्ही बोलायला लागल्यावर बाग बंदच करायची ठरवली होती, रॅचेट हातात आल्यावर त्यांचं जास्वंद परत ताब्यात आलं. मात्र बारीक काड्याच जास्त असतील तर रॅचेटचा उपयोग नाही, उलट एकेका काडीला जास्त दाब द्यायला लागतात.

फिरत्या मुठीचे सिकेटर आहेत, फेल्कोचा ७ नंबर तसा आहे, दाबताना खालची मूठ बोटांबरोबर गोल फिरते म्हणजे कातडीवर घासत नाही आणि फोड येत नाहीत. नाशिककडे द्राक्षाच्या खरड छाटणीला नाहीतर गोडी छाटणीला दिवसभर सिकेटर चालवणाऱ्या माणसाला त्याचा फायदा होईल, गच्चीवरच्या पंधरा-वीस कुंड्यांसाठी तो खर्च करू नये असं मला वाटतं. शिवाय तो हाताला सवयीचा व्हायला वेळ लागतो.

स्प्रिंग, लॉक, वजन

दमवते ती स्प्रिंग. कापायला लागणारा जोर आपण मोजतो पण दर वेळी स्प्रिंग दाबायलाही जोर लागतोच, आणि कडक स्प्रिंग असेल तर काहीही न कापता हात थकतो. दुकानात नुसतं हवेत वीस वेळा उघडझाप करा, एकसारखं, भरभर. पंजा तापला किंवा अंगठ्याच्या मुळाशी ओढल्यासारखं झालं तर तो सिकेटर आपला नाही. स्प्रिंग दोन्ही टोकांना नीट अडकलेली हवी, नाहीतर ती उडते, आणि सुटी मिळणारी हवी.

लॉक एका हाताने, अंगठ्यानेच उघडता आणि लावता आलं पाहिजे कारण दुसऱ्या हातात फांदी असते. काही स्वस्त सिकेटरना मुठींच्या टोकाला चामड्याची किंवा तारेची कडी असते, तिला दोन हात लागतात, रोजच्या कामात जीव नको होतो. पण खटका इतकाही सैल नको की काम चालू असताना आपोआप लागेल.

मिटताना दोन मुठी शेवटी कुठे टेकतात तेही बघा. चांगल्या सिकेटरला तिथे रबराचं बुटूक असतं, कापून झाल्यावरचा झटका ते खातं. ते नसेल तर खट्ट असा धक्का मनगटात जातो, दोन-चारदा काही वाटत नाही, बोगनवेलीची पूर्ण छाटणी केल्यावर संध्याकाळी कळतं. तळहाताची कातडी मुठींच्या मध्ये चिमटत नाही ना ते पण तेव्हाच तपासा.

वजन दीडशे ते अडीचशे ग्रॅमच्या आसपास असतं. ग्रिलमध्ये हात लांब करून किंवा डोक्याच्या वर काम असेल तर हलका घ्या.

मुंबईच्या हवेसाठी स्टील

इथे आपलं गणित पुण्या-नाशिकपेक्षा वेगळं आहे. साधारण ११ जूनला पाऊस येतो तो सप्टेंबरपर्यंत मुक्कामाला, आणि बाकीचे महिने समुद्राची खारी हवा आहेच. कार्बन स्टील, एसके-५ वगैरे लिहिलेलं असतं ते, धार छान धरतं आणि घरी धार लावायलाही सोपं, पण ओलं ठेवलं तर एका रात्रीत तांबूस डाग पडतो. स्टेनलेस गंजायला उशीर करतं, मात्र साध्या प्रतीचं असेल तर धार लवकर जाते. काळं टेफ्लॉन कोटिंग गंज अडवतं आणि चीकही कमी चिकटू देतं पण धारेच्या कडेवरून ते घासून जाणारच, त्याच्यावर सगळा भरवसा नको. मी स्वतः कार्बन स्टील घेते आणि पुसून तेल लावते. ज्यांना पुसायचा कंटाळा आहे त्यांनी सरळ स्टेनलेस घ्यावं, धार लावून लावून वापरावं, गंजलेल्या उत्तम पात्यापेक्षा ते चांगलं.

एक अट मात्र सोडू नका, मधला जोड नट-बोल्टचा हवा, रिव्हेट मारलेला नको. नट-बोल्ट असेल तर पूर्ण खोलता येतो, आतला गंज आणि सुकलेला चीक साफ होतो, ढिला झाला तर आवळता येतो. रिव्हेट ढिलं झालं की पात्यांमध्ये फट पडते आणि काडी कापली न जाता मध्ये दुमडते, मग तो सिकेटर भंगारात.

मुठीचं मटेरियल बघताना मे महिना डोळ्यापुढे ठेवा. चकचकीत प्लॅस्टिक घामाने सटकतं. मऊ रबरी ग्रिप सुरुवातीला फार सुखाची वाटते पण ऊन आणि दमटपणा खाऊन काही वर्षांनी चिकट होते, त्यापेक्षा थोडी खरखरीत, अ‍ॅल्युमिनियमवर घट्ट बसवलेली पातळ ग्रिप टिकते. रंग लाल किंवा केशरी घ्या, हिरवा सिकेटर पाल्यात हरवला की कचऱ्याच्या डब्यातच सापडतो.

दुकानात काय करायचं

शक्यतो हातात घेऊनच घ्या. मुंबईत नागदेवी रस्त्यावर आणि लोहार चाळीच्या बाजूला हार्डवेअरची दुकानं आहेत, मोठ्या नर्सऱ्यांमध्येही मिळतात, आणि राणीच्या बागेत महापालिकेचं झाडाफुलांचं वार्षिक प्रदर्शन भरतं तिथे बागेच्या सामानाचे स्टॉल असतात, पाच-सहा प्रकार एका फेरीत हाताळून होतात. जाताना पिशवीत जास्वंदाच्या चार हिरव्या काड्या आणि एक वर्तमानपत्राचा कागद घेऊन जा.

"दादा, हा उघडून बघू का जरा?" असं विचारलं की बहुतेक जण देतात. "ताई, एक नंबर माल आहे, बघायची गरज नाही" असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा. सिकेटर मिटून उजेडासमोर धरा, दोन पात्यांच्या मधून टोकापर्यंत सलग फट दिसायला नको. मुठी धरून पाती आडवी हलवून बघा, हलली तर जोड ढिला आहे. मग फक्त टोकाने कागद कापा, फाटला किंवा दुमडला तर टोक जुळत नाही. शेवटी हिरवी काडी कापा आणि कापलेलं तोंड जवळ धरून बघा, साल सगळीकडून सपाट कापलेली हवी. एका बाजूला सालीची शेपटी लोंबत असेल तर नको.

ऑनलाइन घ्यायचा असेल तर लांबी, वजन आणि परत करायची सोय बघून घ्या, पूर्ण लांबी २० सेंटीमीटरच्या आत असेल तर लहान हाताला सहसा चालतो. बाहेरच्या कंपन्यांमध्ये स्वित्झर्लंडची फेल्को ही १९४५ पासूनची, तिचा २ नंबर मोठ्या हाताला आणि ६ नंबर लहान हाताला. बाहकोच्या पीएक्स प्रकारात तर लहान, मध्यम, मोठा अशी हाताची मापंच आहेत, ही पद्धत सगळ्यांनी उचलायला हवी होती. देशीमध्ये लुधियानाची फाल्कन सगळीकडे मिळते. देशी सिकेटर साधारण तीनशे ते आठशे रुपयांत येतो, बाहेरचे काही हजारांत जातात. कुंड्यांच्या बागेला मापात बसणारा, नट-बोल्टचा देशी सिकेटर मी आधी सुचवेन, महागातला पण हाताला मोठा होणारा मुळीच नाही.

घरी आणल्यावर

कितीही चांगला असला तरी टोकाने जाड काडी कापलीत तर हात दुखणारच. फांदी पात्यांच्या आत, जोडाच्या जवळ सरकवा, तिथे तीच फांदी निम्म्या जोरात तुटते. धारेचं पातं झाडाच्या बाजूला आणि आकडा काढून टाकायच्या भागाकडे, म्हणजे चेपलेला भाग झाडावर राहत नाही. बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या, म्हणजे नवा कोंब फुटतो त्या जागेच्या, अर्धा सेंटीमीटर वर, तिरका काप. कापताना मनगट पिळू नका, पिळून जोड ढिला होतो आणि मनगटही. एका दाबात तुटत नसेल तर फांदी त्या सिकेटरची नाही. मध्येमध्ये हात सोडून बोटं ताणा, आणि बोट सकाळी मिटल्यावर अडकायला लागलं, टक्कन उघडायला लागलं, तर काही दिवस छाटणी बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा.

काम झालं की चीक पुसा. चाफा, अडेनियम, कण्हेर, रबराचं झाड यांचा चीक वाळला की पाती जड होतात आणि आपण उगाच स्प्रिंगला दोष देतो, ओल्या फडक्याने आणि मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्पिरिटने निघतो. कण्हेरीचा चीक विषारी असतो, हात धुवा आणि तो सिकेटर तसाच तुळशीला, कढीपत्त्याला लावू नका. रोगट काडी कापल्यावर पण स्पिरिटने पुसूनच पुढच्या कुंडीकडे जा. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब जोडात आणि बोटभर पात्यावर. पावसाळ्यात बाल्कनीत न ठेवता घरात, झाकणाच्या डब्यात, चपलेच्या किंवा औषधाच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा.

धार लावताना फक्त उताराची बाजू घासायची, बारीक डायमंड फाइलने, जो उतार कंपनीने दिलाय त्याच कोनात, एकाच दिशेने, मुळापासून टोकाकडे. सपाट बाजूला फक्त शेवटी एकदा आडवी फाइल हलकेच फिरवून वर आलेली कोर काढा, ती बाजू घासलीत तर पात्यांमध्ये फट पडेल. आकड्याच्या पात्याला धार लावायची नसते.

वरच्या मजल्यावर ग्रिलमधून काम करत असाल तर मुठीच्या भोकातून जाड नाडी ओवून मनगटाला अडकवा, भोक नसेल तर मुठीला घट्ट बांधा, दहाव्या मजल्यावरून सुटलेलं लोखंड खाली कोणाच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही. आणि पैसे देतानाच दुकानदाराकडून एक जादा स्प्रिंग मागून घ्या. पाच-पन्नास रुपयांची वस्तू आहे पण नंतर त्याच मापाची शोधायला गेलं की मिळत नाही, ती सिकेटरच्या डब्यातच टाकून ठेवा.